कोकणात गरम पाण्याची कुंडं आहेत, मग भूऔष्णिक वीज का नाही?

साडवलीकर

नमस्कार मंडळी. विषय जरा तांत्रिक आहे, पण इथे जाणकार बरेच आहेत म्हणून धागा काढतोय.

आमच्या भागात, म्हणजे संगमेश्वरच्या पट्ट्यात, तुरळ, राजवाडी, आरवली अशी गरम पाण्याची कुंडं लहानपणापासून बघत आलोय. गेल्या महिन्यात जवळच्या एका गावात एक सल्लागार आले होते. लॅपटॉप, पडदा, चहा-बिस्किटं, सगळं साग्रसंगीत. त्यांचं म्हणणं असं: कुंडाचं पाणी साठ अंश आहे, म्हणजे एक किलोमीटर खाली दोनशे अंश नक्की. दोन बोअर मारायचे, वाफ काढायची, दीड मेगावॅट वीज चोवीस तास. गावाने फक्त जागा द्यायची आणि सुरुवातीच्या 'अभ्यासाला' थोडा निधी. लोक खूश. मला मात्र एकच शंका: इतकं सोपं असेल तर इतक्या वर्षांत कुणी केलं का नाही?

तर प्रश्न असे. वरच्या पाण्याच्या तापमानावरून खालचं तापमान सांगता येतं का? आपल्या काळ्या दगडात ही उष्णता येते कुठून? आणि शोध घ्यायचा तर नेमकं काय मोजतात? मी कॉमर्सवाला आहे, बेताने लिहा.

खवचट_खापर

सादरीकरणात आइसलँडचा फोटो होता का? निळं पाणी, वाफा, आणि कडेला गोरी माणसं? असेल तर निधी देऊ नका. नसेल तरी देऊ नका.

साडवलीकर

@खवचट_खापर, होता. दुसऱ्याच स्लाइडवर.

वज्रेश्वरी_पॅसेंजर

आमच्याकडे अकलोली, गणेशपुरी, वज्रेश्वरी, सातिवली. तानसा नदीच्या पात्रातसुद्धा गरम पाणी येतं. आजी संधिवातासाठी जायची, आम्ही अंडी उकडता येतात का ते बघायला जायचो (येत नाहीत, नुसती कोमट होतात).

यात न कळण्यासारखं काय आहे? अख्खा सह्याद्री ज्वालामुखीतून झालाय. वरचा लाव्हा थंड झाला, खालचा अजून तापलेला आहे. शाळेत शिकलोय आपण सगळे. सरकारला करायचं नाही, दुसरं काय.

भूभौतिक_भाऊ

निवृत्त माणूस आहे, आयुष्य खडकांची उष्णता मोजण्यात गेलं, त्यामुळे राहवत नाही. थोडं लांबेल.

वज्रेश्वरीवाल्यांचा समज महाराष्ट्रात घरोघरी आहे. पण दख्खनचा लाव्हा वाहिला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. दोन किलोमीटर जाडीचा तापलेला थर नुसत्या वहनाने थंड व्हायला लाख-दोन लाख वर्षं पुरतात. दहा किलोमीटरचा मॅग्माचा, म्हणजे वितळलेल्या खडकाचा, साठा धरला तरी तीसेक लाख वर्षं. त्या उष्णतेतलं आज काहीही उरलेलं नाही. कोकणातल्या झऱ्यांखाली तापलेला लाव्हा नाही.

मग पाणी गरम का? पृथ्वीच्या पोटातून उष्णता सगळीकडेच सतत बाहेर येत असते. काही मूळची, काही युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सारातून. खंडांवर सरासरी दर चौरस मीटरला साधारण ६५ मिलिवॅट. आपल्या दख्खनच्या पठारावर मोजलेले आकडे बरेचसे ४० ते ४५ च्या आसपास येतात, म्हणजे सरासरीपेक्षा कमीच. खालचं कवच जुनं आणि थंड, आणि वर बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड. बेसाल्टमध्ये युरेनियम-थोरियम फारच थोडं. एक घनमीटर ग्रॅनाइट दोन-तीन मायक्रोवॅट उष्णता निर्माण करतो, बेसाल्ट अर्धासुद्धा करत नाही.

कोकणातले झरे गरम आहेत ते पाणी खोल जाऊन येतं म्हणून. सह्याद्रीवर तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यातला काही उत्तर-दक्षिण भेगांमधून काही किलोमीटर खाली उतरतो, तापतो, आणि घाटाच्या पायथ्याशी एखाद्या मोकळ्या भेगेतून झटपट वर येतो. उत्तरेला कोकणेरपासून दक्षिणेला राजापूरपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात हे झरे घाटाला समांतर ओळीत आहेत, ते त्यामुळे. पाण्याला ये-जा करायला वाट आहे, एवढंच कुंडावरून सिद्ध होतं. खाली किती उष्णता साठली आहे हा वेगळा प्रश्न, तो कुंडात थर्मामीटर बुडवून सुटत नाही.

वज्रेश्वरी_पॅसेंजर

म्हणजे आजी पावसाच्या पाण्यात बसायची? तिला सांगितलं असतं तर मंदिरात जायची बंद झाली असती.

मन्याड_काठचा

आमच्या नांदेडकडं उनकेश्वरला पण गरम पाणी हाय. पण माझा प्रश्न येगळाच. आमच्या शेतातल्या बोअरचं पाणी थंडीत सकाळी वाफाळतं. तीनशे फूट बोअर हाय. म्हणजे आमच्याकडं पण वीज निघंल का?

भूभौतिक_भाऊ

@मन्याड_काठचा, दादा, तुमच्या बोअरचं पाणी बारा महिने २८-२९ अंश असतं. जमिनीखाली काही मीटरवर ऋतू पोचतच नाहीत, वर्षाची सरासरी तेवढी राहते. डिसेंबरात हवा १२ अंशांवर आली की तेच पाणी गरम वाटतं आणि मे महिन्यात गार.

पण तुमच्या प्रश्नामुळे मूळ मुद्द्याला हात घालता येतो. खोली वाढली की तापमान किती वाढेल हे दोन गोष्टींवर ठरतं: खालून येणारा उष्णताप्रवाह आणि खडकाची उष्णतावाहकता. प्रवाहाला वाहकतेने भागलं की तापमानवाढीचा दर मिळतो.

आता बघा. प्रवाह ४५ धरू. बेसाल्टची वाहकता साधारण १.७, म्हणजे किलोमीटरला २६ अंश वाढ. पण बेसाल्ट संपला की खाली ग्रॅनाइट-नाइस हे जुने खडक, त्यांची वाहकता ३ च्या जवळपास. तिथे दर एकदम १५ वर येतो. प्रवाह तोच, खडक बदलला. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी जे तीन किलोमीटर खोल विवर घेतलं त्यात १२४७ मीटरवर बेसाल्ट संपला. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या ६१७ मीटरच्या विवरात तो ३३८ मीटरवरच संपला होता. म्हणजे ज्याने वरच्या तीनशे मीटरात थर्मामीटर सोडला आणि तोच दर सरळ खाली ओढत नेला, त्याला तीन किलोमीटरवर १०५ अंश मिळतील. थर धरून हिशोब केला तर कोयनेसारख्या ठिकाणी ८५ च्या आसपास. वीस अंशांचा फरक, आणि या धंद्यात वीस अंशांवर प्रकल्प उभे राहतात किंवा बुडतात.

साडवलीकर, तुमच्या सल्लागारांचे 'एक किलोमीटरवर दोनशे' कुठल्या खडकातले ते विचारा.

सौर_सदानंद

एवढा खटाटोप कशाला? छपरावर पॅनेल टाका, मोकळे व्हा. कोकणात जागा नाही म्हणतील, पण कातळ आहेत की. भूऔष्णिकचा एक बोअर मारायच्या पैशात अख्खं गाव सोलरवर चालेल.

खवचट_खापर

सदानंदभाऊ दर धाग्यावर येऊन पॅनेल विकतात. भूकंपाच्या धाग्यावर पण आले होते.

सौर_सदानंद

विकत नाही, सांगतो. फरक आहे.

रेक्याविकची_राधिका

माझं नाव आलंच नाही तरी मी आलेच, आइसलँडचा फोटो निघालाय म्हटल्यावर :)

इथे राहून काही वर्षं झाली. घरातल्या नळाचं गरम पाणी थेट जमिनीतून, ८० अंशांच्या जवळपास, गंधकाचा वास येतो, पाहुणे आल्यावर पहिले दोन दिवस नाक मुरडतात. इथली दहातली नऊ घरं अशीच तापतात. वीज मात्र सगळी भूऔष्णिक नाही, बरीचशी जलविद्युत आहे. हेल्लिशेइदीचं केंद्र ३०३ मेगावॅटचं, शहरापासून अर्ध्या तासावर.

पण इथे पृथ्वीचं कवच अक्षरशः फाटतंय, दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात आणि मॅग्मा वर येतो. २००९ मध्ये क्राफ्लाला संशोधनासाठी विवर खणत होते, साडेचार किलोमीटरचा बेत होता, २.१ किलोमीटरवरच ड्रिल मॅग्मात घुसलं. नंतर त्या विवरातून ४५० अंशांची वाफ निघाली. रत्नागिरीत हे होणार नाही. त्यामुळे आमचा फोटो दाखवून तुमच्याकडे निधी मागणं म्हणजे कमाल आहे.

अवांतर: इथला दगड आणि आपला दगड मात्र सख्खे भाऊ, दोन्ही बेसाल्ट. हेल्लिशेइदीला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडतात, दोन वर्षांच्या आत त्याचा बराचसा भाग खनिज होऊन बसतो. पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा खणून काढलेल्या खडकाच्या नळकांड्यातली (कोअर) पांढऱ्या कॅल्साइटने भरलेली भोकं बघून थेट पुण्याच्या टेकड्या आठवल्या.

रसायनी_प्राची

राधिका, टेकड्यांवरून आठवलं, माझा मुद्दा तिथेच येतो. (पाण्याच्या रसायनशास्त्रात काम केलंय, झऱ्यांचे नमुनेही तपासलेत.)

खाली न खणतासुद्धा खालच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो, पाण्यातल्या सिलिकावरून (वाळूत असतो तोच घटक). पाणी जितकं गरम तितकी सिलिका जास्त विरघळते, आणि पाणी वर येताना पटकन थंड झालं तरी ती लगेच खाली बसत नाही. म्हणजे झऱ्याच्या पाण्यात खालच्या तापमानाची नोंद राहून जाते. सोडियम-पोटॅशियमच्या प्रमाणावरूनही असाच अंदाज निघतो.

गोम अशी की सिलिका कुठल्या खनिजातून आली ते आधी ठरवावं लागतं. क्वार्ट्झ धरलं तर एक आकडा, कॅल्सेडनी (सिलिकाचाच बारीक कणांचा प्रकार) धरलं तर पंचवीस-तीस अंशांनी कमी. आणि दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्या कॅल्सेडनीने भरलेल्या आहेत. प्रवरेच्या पात्रात गारगोट्या वेचल्यात का कुणी? तीच ती. त्यामुळे ज्याला आकडा फुगवायचा आहे तो क्वार्ट्झचं सूत्र वापरतो, आणि अहवालात ते कुणी बघत नाही.

शिवाय वर येताना थंड भूजल मिसळलं तर सिलिका पातळ होते, सोडियम-पोटॅशियमचं गणित वेगळंच सांगतं. दोन-तीन पद्धतींचे आकडे जुळले तरच विश्वास ठेवायचा. कोकणातल्या झऱ्यांसाठी मी पाहिलेले अंदाज साधारण १०० ते १३० अंशांच्या घरात होते. दोनशे नाही.

चिपळूणचा_पाऊस

प्राचीताई, पण गंधक? आमच्याकडे सगळे म्हणतात कुंडात गंधक आहे म्हणून त्वचारोग बरे होतात.

रसायनी_प्राची

थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो, नाकाला फार कमी पुरतो, म्हणून गंधक 'भरपूर' वाटतं. कोकणातल्या बऱ्याच झऱ्यांचं पाणी खरं तर खारट आहे, सोडियम-कॅल्शियम-क्लोराइडचं. किनाऱ्याजवळ काही ठिकाणी समुद्राच्या पाण्याचा अंशही आढळतो. त्वचारोगाचं डॉक्टरांना विचारा.

आंबोळी_विथ_चटणी

राजापूरच्या गंगेचं काय मग? ती पण याच भेगांतून येते का? चौदा कुंडं, आणि येते तेव्हा येते.

भूभौतिक_भाऊ

गंगा वेगळं प्रकरण आहे. ती अधूनमधून प्रकटते, आणि खडकातल्या पोकळ्या भरून एकदम वाहू लागणं, सायफनसारखं, असं तिचं एक स्पष्टीकरण देतात. गरम झरा म्हणाल तर राजापूरजवळचं उन्हाळे, अर्जुना नदीकाठचं, ते खरं या पट्ट्यातलं. दोन्ही गोष्टी एकाच गावी असल्याने लोक एकत्र बांधतात.

आंबोळी_विथ_चटणी

धन्यवाद काका. आता गावी गेल्यावर सांगते, मार मिळाला तर तुमचं नाव घेईन.

ड्रिलिंगवाला_डोंबिवली

तेलाच्या रिगवर वीस वर्षं काढलीत, वाळवंटात आणि समुद्रात. भाऊकाकांच्या आणि प्राचीताईंच्या बोलण्यात एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे.

उष्णता मिळणं अवघड नाही. पुरेसं खोल गेलात की कुठेही मिळते. अवघड आहे ते पाणी खेळवणं. वीज करायला विवरातून सेकंदाला कित्येक लिटर गरम पाणी सतत यायला लागतं, आणि त्यासाठी खडकात एकमेकांना जोडलेल्या भेगा पाहिजेत. अखंड ग्रॅनाइट दोनशे अंशांवर असला तरी त्यात विवर मारून काय मिळणार? गरम, कोरडं भोक.

ऑस्ट्रेलियात कूपर खोऱ्यात हे घडलं. चार किलोमीटरहून खोल ग्रॅनाइट, युरेनियम-थोरियम भरपूर, आणि वर कोळसा-शेलचे जाड थर गोधडीसारखे पसरलेले, उष्णता वर निसटू न देणारे. तापमान २४० च्या पुढे. कागदावर याहून चांगली जागा नाही. २०१३ मध्ये एक मेगावॅटचा प्रायोगिक संच चालवला, आणि २०१६ मध्ये सगळं गुंडाळलं. इतक्या खोल जाण्याचा खर्च आणि तिथून वीज दूर न्यायचा खर्च झेपला नाही.

आता अमेरिकेत शेल गॅसचं तंत्र इकडे आणतायत. आडवं विवर मारायचं, पाण्याच्या दाबाने भेगा पाडायच्या, एका विवरातून गार पाणी सोडायचं, दुसऱ्यातून गरम काढायचं. नेवाडात फर्वो कंपनीने २०२३ मध्ये असा साडेतीन मेगावॅटचा संच चालवून दाखवला. हे पुढे किती जाईल ते बघू, पण तिथला खडक १९० अंशांच्या वर होता आणि तो नेवाडा आहे, जिथे कवच पातळ आणि तापलेलं.

एक अजून. विवर खणताना जो मड, म्हणजे चिखलासारखा द्रव, फिरवतात त्याने खडक थंड होतो. खणून झाल्या झाल्या तापमान घेतलं तर ते चुकीचं कमी येतं, आठवडे थांबून पुन्हा घ्यावं लागतं. म्हणून 'आम्ही बोअर घेतला, इतकं तापमान मिळालं' असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न: कधी मोजलं?

सौर_सदानंद

म्हणजे शेवटी माझंच खरं.

ड्रिलिंगवाला_डोंबिवली

सदानंदभाऊ, रात्री साडेनऊला पंखा लावता ना? सोलर स्वस्त आहे हे मान्यच. पण चोवीस तास एकसारखी चालणारी वीज वेगळ्या भावाने विकली जाते. जिथे खडक चांगला तिथे भूऔष्णिक नव्वद टक्के वेळ पूर्ण क्षमतेने चालतं. इटलीत लार्देरेल्लोला १९०४ मध्ये वाफेवर दिवे लावून पाहिले, १९१३ मध्ये केंद्र सुरू झालं, ते क्षेत्र अजून वीज देतंय.

फिरस्ता_केदार

मी लडाखला पुगा खोऱ्यात गेलोय. ४४०० मीटर उंचीवर, सगळीकडे वाफा, जमिनीवर टाकणखाराचे पांढरे पापुद्रे, पाणी ८४ अंश, म्हणजे त्या उंचीवर जवळजवळ उकळतंच. मग तिथे का नाही करत?

भूभौतिक_भाऊ

भारतात पहिलं नाव पुग्याचंच आहे. तिथे भारतीय उपखंड आशियाला जिथे भिडला त्या सांध्यावर आपण उभे असतो, कवच तरुण आणि तापलेलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७० च्या दशकात तिथे तीसेक विवरं घेतली, सगळ्यात खोल ३८५ मीटरचं, आणि एवढ्या कमी खोलीवर १४० अंशांपर्यंत तापमान मिळालं. कोयनेचे आकडे शेजारी ठेवून बघा म्हणजे 'चांगली जागा' कशाला म्हणतात ते कळेल. २०२१ मध्ये ओएनजीसीने तिथे एक किलोमीटरच्या विवराचा करार केला, पुढच्या वर्षी खणताना गरम पाणी उसळलं आणि काम थांबवावं लागलं. उंची, थंडी, वर्षातले काही महिनेच काम, वीज न्यायला लांबच लांब तारा, हे सगळं आहेच.

देशात इतरत्र लहान प्रयोग झालेत. तेलंगणात मणुगुरूजवळ सिंगरेणी कोळसा कंपनीने २० किलोवॅटचा संच बसवला. गुजरातेत खंभातच्या खोऱ्यात उष्णताप्रवाह दख्खनच्या जवळपास दुप्पट आहे, तेलाच्या विहिरींमधून गरम पाणी येतं. २०२५ मध्ये केंद्राने भूऔष्णिकचं राष्ट्रीय धोरणही काढलं.

अभियंता_अलिबाग

सगळे कोकणाला नापास करून मोकळे झालेत, म्हणून मी उलट्या बाजूने बोलतो. अलास्कात चेना नावाचं ठिकाण आहे. तिथलं पाणी फक्त ७४ अंश, आणि २००६ पासून त्यावर वीज चालते, दोनशे-दोनशे किलोवॅटचे संच. कमी तापमानाला उकळणारा द्रव वापरतात, पाण्याची वाफ लागतच नाही. आपल्या खेड-दापोलीकडच्या उन्हवऱ्याचं पाणी ७० अंश आहे. मग खणायचीसुद्धा गरज काय?

भूभौतिक_भाऊ

उत्तम प्रश्न. मला वाटलं होतं कुणी विचारणार नाही.

अभियंता_अलिबाग

मीच हिशोब करून बघितला, भाऊकाका बोलायच्या आधी टाकतो.

उष्णतेच्या इंजिनाला गरम बाजू लागते तशी थंड बाजूही लागते. चेनाला शेजारच्या ओढ्याचं पाणी चारेक अंश. केल्विनमध्ये ३४७ आणि २७७, म्हणजे जास्तीत जास्त शक्य कार्यक्षमता २० टक्के, प्रत्यक्षात ८ च्या आसपास मिळते. उन्हवऱ्याला थंड बाजू म्हणून मिळणार ३० अंशांचं पाणी. ३४३ आणि ३०३, कमाल पावणेबारा टक्के, प्रत्यक्षात चार-पाच मिळाले तर नशीब.

आता समजा सेकंदाला दहा लिटर पाणी मिळालं आणि ते ७० वरून ४० पर्यंत थंड केलं. उष्णता निघेल १२५० किलोवॅट. त्यातून वीज ५०-६० किलोवॅट, त्यातले पंप आणि पंखे खातील ते वेगळे. साडवलीकर, तुमचे 'दीड मेगावॅट' यातच कुठेतरी जन्मले असतील: उष्णतेचा आकडा विजेचा म्हणून सांगितला की झालं.

पण १२५० किलोवॅट उष्णता ही काही थट्टा नाही. तीच थेट वापरा. काजू, आमसुलं, मासळी वाळवायला ५०-६० अंश पुरतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात काहीही वाळत नाही हे मी सांगायला नको. विजेच्या नादाने सगळे या बाजूला बघतच नाहीत.

चिपळूणचा_पाऊस

हे पटलं!! पावसात बोंबील वाळवायची सोय झाली तर मी स्वतः खड्डा खणायला येतो.

वज्रेश्वरी_पॅसेंजर

आणि कुंडाचं पाणी ४० वर आणून सोडलं तर अंघोळीला लोक कुठे जाणार? देवस्थान, पुजारी, नारळवाले, हे विचारात घेतलंय का कुणी? आमच्याकडे सगळा गाव त्यावर आहे.

अभियंता_अलिबाग

रास्त. वापरलेलं पाणी पुन्हा जमिनीत सोडावं लागतं आणि कुंडाचा प्रवाह आधी सुरक्षित ठेवावा लागतो. शेजारी बोअर मारून उपसा केला तर कुंड आटू शकतं. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआला लोकांनी घरोघर बोअर घेतले, गीझर मंदावले, शेवटी १९८० च्या दशकात सरकारला बोअर बंद करावे लागले.

पालघरची_स्मिता

भूकंपाबद्दल कुणीच बोललं नाही. आम्ही २०१८ पासून डहाणू-तलासरीचे धक्के सोसतोय. जमिनीत दाबाने पाणी सोडणार म्हटलं की पोटात गोळा येतो.

ड्रिलिंगवाला_डोंबिवली

भीती निराधार नाही, ताई. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला २००६ मध्ये असंच पाणी दाबाने सोडल्यावर ३.४ चा धक्का बसला, प्रकल्प बंद झाला. दक्षिण कोरियात पोहांगला २०१७ मध्ये साडेपाचच्या जवळपासचा भूकंप झाला, आणि सरकारी चौकशीत त्याचा संबंध भूऔष्णिक प्रकल्पाशी जोडला गेला. हे मुख्यतः नव्याने भेगा पाडण्याच्या पद्धतीत होतं. आपोआप वाहणाऱ्या झऱ्याचं पाणी वापरण्यात तो धोका नाही. पण कोयना-वारणेच्या शेजारी दाबाने पाणी सोडायचा विचार कुणी करत असेल तर मी त्या बैठकीत नसेन.

साडवलीकर

बापरे, दोन दिवस धागा बघितला नाही तर एवढं साठलं. सगळ्यांचे आभार, बरंचसं समजलं. प्रवाह भागिले वाहकता हे तर मी पाठच केलंय.

मूळ गोष्टीकडे येतो. येत्या ग्रामसभेत सल्लागार पुन्हा येतायत. ते म्हणतात 'शोध' म्हणून आधी एकच खोल बोअर मारू, म्हणजे सगळं कळेल. योग्य आहे का हे?

भूभौतिक_भाऊ

नाही. खोल विवर सगळ्यात शेवटी, कारण ते सगळ्यात महाग. आधी रसायन, म्हणजे प्राची म्हणतात तसं, उन्हाळ्यात आणि पावसानंतर असे दोनदा नमुने. मग उथळ विवरं, शंभर-दीडशे मीटरची, ओळीत, आणि प्रत्येकात तापमान खोलीप्रमाणे मोजायचं, सोबत कोअरची उष्णतावाहकता प्रयोगशाळेत. झऱ्याच्या अगदी शेजारी एकच विवर घेऊ नका. तिथे वर येणाऱ्या पाण्यामुळे वरच्या मीटरांत तापमान झपाट्याने वाढतं आणि जरा खाली गेलं की सपाट होतं, कधी उलट उतरतंही. जो फक्त वरचा भाग दाखवतो तो दोनशे अंशांची स्वप्नं विकतो.

मग विद्युत-चुंबकीय सर्वेक्षण, ज्याला मॅग्नेटोटेल्युरिक म्हणतात. पृथ्वीच्या नैसर्गिक विद्युतप्रवाहांवरून खालच्या खडकाचा विद्युतरोध कळतो. ज्वालामुखी भागात गरम साठ्यावर चिकणमातीचं झाकण तयार होतं, ते वीज चांगली वाहतं म्हणून नकाशावर घुमटासारखं दिसतं, आणि २०० अंशांच्या आसपास ती माती बदलली की रोध पुन्हा वाढतो. आपल्याकडे मात्र जपून: कोकणात खारं पाणीही तसंच कमी रोधाचं दिसतं. समुद्राजवळ घेतलेला सुंदर रंगीत नकाशा निव्वळ खाऱ्या पाण्याचा असू शकतो. म्हणून एका मोजणीवर कुणी विवराची जागा ठरवत नाही.

रसायनी_प्राची

नमुन्यासाठी एक सूचना: सिलिकाची बाटली जागेवरच गाळून पातळ करून घ्यायची, नाहीतर थंड झाल्यावर सिलिका जुळून बसते आणि प्रयोगशाळेत कमी दिसते. आणि मागच्या अहवालात क्वार्ट्झ धरलंय की कॅल्सेडनी तेवढं नक्की विचारा. चेहरा बघण्यासारखा होईल.

अभियंता_अलिबाग

आणि प्रवाह मोजा हो! मे महिन्याच्या शेवटी, कुंडातून सेकंदाला किती लिटर बाहेर पडतं. बादली आणि घड्याळ पुरतं, सल्लागार लागत नाही.

खवचट_खापर

बादली माझ्याकडून. निधी मात्र नाही.

साडवलीकर

ग्रामसभा झाली. सिलिकाचं विचारलं. ते म्हणाले, 'तो तांत्रिक तपशील आमची टीम बघेल.' कोअरच्या वाहकतेचं विचारलं तर म्हणाले बोअर मारल्याशिवाय कसं सांगणार. दोनशे अंश कुठून आले विचारल्यावर पुन्हा दुसरी स्लाइड लावली. निधीचा विषय पुढच्या सभेवर गेला. बचत गटाच्या बायकांनी मात्र वाळवणाच्या खोलीचं उचलून धरलंय, त्यांना सेकंदाला दोन लिटर पाण्यात काय होईल ते कळायला हवंय.

अभियंता_अलिबाग

दोन लिटर, ६० वरून ४५ पर्यंत थंड केलं तर १२५ किलोवॅट उष्णता. नुसतं बाष्पीभवन धरलं तर तासाला पावणेदोनशे किलो पाणी उडवता येईल, प्रत्यक्षात खोलीची गळती आणि बाहेर जाणारी गरम हवा धरून त्याच्या निम्मं धरा. पाणी खारट आहे, तांब्याच्या नळ्या लवकर खराब होतील, चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील नाहीतर टायटॅनियमच्या पत्र्यांचा उष्णता-विनिमयक बघा. आराखडा वेगळ्या धाग्यात टाकतो, इथे खूप लांबलंय.

चिपळूणचा_पाऊस

धाग्याची लिंक इथे द्या. बोंबलांचं नाव शीर्षकात असू दे.